जनावरांचे दोर : निवड आणि निगा



बेंदूर आला की आपण बैलांना नवी वेसण, नवी म्होरकी, नवा कासरा घेतो. रंग आणि गोंडे बघतो; दोर कशाचा आहे हे बघायचे राहून जाते. गेल्या हंगामात ऊस वाहतुकीच्या एका बैलाची वेसण आम्ही पाहिली. ती रंगीत प्लॅस्टिक दोरीची होती. दोरीने नाक कापत नेले होते, जखमेत अळ्या पडल्या होत्या. ऐन हंगामात गाडी पंधरा दिवस उभी राहिली. चार पैसे वाचवायला गेलो आणि मुक्या जिवाचे हाल झाले. म्हणून हे टिपण.

एकच दोर सगळ्या कामाला चालत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

१) वेसण : मऊ सुताचीच घ्यावी. फार बारीक दोरी नाकात रुतते. गाठ नाकपुडीत येऊ देऊ नये. वेसण मळून कडक झाली की बदलावी.

२) कासरा : हाही सुती बरा. बैल बुजला की गुळगुळीत नायलॉन हातातून सरकतो आणि तळहात सोलून काढतो.

३) वासराचे दावे : गळ्यात सरकगाठ कधीही मारू नये. वासराने हिसका दिला की फास आवळतो. न सरकणारी गाठ मारावी, गळा व दोर यांत दोन बोटे सहज जावीत. वासरू वाढते, दोर वाढत नाही. म्हणून दर पंधरवड्याला बघावे. वाखाचा किंवा तागाचा दोर पावसात भिजला की आखडतो, गाठ सुटता सुटत नाही. दावे आखूड ठेवू नये. अवाजवी आखूड दोरीने जनावर फार वेळ बांधून ठेवणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

४) उसाच्या गाडीचा नाडा : येथे ताकद हवी. नायलॉन भिजला तरी कुजत नाही, पण ताणतो, आणि तुटला तर चाबकासारखा उलटतो. आवळताना दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये. नायलॉनची गाठ सुटू शकते, म्हणून जादा वेढा द्यावा.

पारख कशी करावी? दोराचा पीळ थोडा उलगडून आत बघावे. भुकटी पडली, कुबट वास आला तर दोर जुना किंवा कुजका समजावा. तिन्ही पेड सारख्या जाडीचे हवेत. बाजारात ‘नायलॉन’ म्हणून मिळणारा दोर पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तुकडा दाबून, ओला करून बादलीत सोडा : नायलॉन बुडतो, पॉलिप्रॉपिलीन तरंगतो. हा दुसरा दोर उन्हात लवकर ठिसूळ होतो. सूत, ताग जाळल्यास राख होते; प्लॅस्टिक वितळून गोळी होते.

निगा साधीच आहे. भिजलेला वाखाचा दोर गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका, सावलीत पसरून वाळवा. प्लॅस्टिकचा दोर उन्हात पडू देऊ नका. पेड तुटलेला दोर गाठ मारून ओझ्याला वापरू नका.

गळीत सुरू होण्यापूर्वी एक दिवस काढा आणि गोठ्यातला, गाडीवरला प्रत्येक दोर हातात घेऊन बघा. नवा दोर घ्यायला जमतो. बैलाचे नाक नवे मिळत नाही.

— ऊस विकास अधिकारी