भाव बांधण्याचे करार का मोडतात?



गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "सगळे कारखाने एक व्हा. अमुक भावाच्या खाली एक पोतं विकायचं नाही, असं ठरवा. मग व्यापारी जाईल कुठं?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी आपसात भाव किंवा कोटा ठरवून घेणे, याला कार्टेल म्हणतात. साध्या मराठीत संगनमत. असे करार जगात पुष्कळ झाले आणि त्यांतले बरेच मोडले. माणसे बेइमान म्हणून मोडले, असे आपण पटकन म्हणून टाकतो. पण तेवढ्याने भागत नाही. करार मोडण्याचे बीज हिशेबातच असते.

दोन कारखान्यांचा हिशेब

समजा, शेजारी दोन कारखाने आहेत. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. साखरेचा उत्पादन खर्च क्विंटलला ३,००० रुपये. दोघांनी ठरवले की ३,६०० च्या खाली विकायचे नाही. दोघांची विक्री प्रत्येकी १,००० क्विंटल. म्हणजे प्रत्येकाला ६ लाख रुपये सुटले. सगळे खूश.

आता पहिल्याने व्यापाऱ्याला गुपचूप ३,५०० चा भाव दिला. गिऱ्हाईक तिकडे वळले. त्याची १,६०० क्विंटल साखर गेली आणि त्याला ८ लाख सुटले. शब्द पाळणाऱ्या दुसऱ्याची फक्त ४०० क्विंटल गेली, त्याच्या पदरात २ लाख ४० हजार. पुढच्या महिन्यात दुसराही खाली येतो. मग पहिला आणखी खाली. ओढाताणीत भाव ३,२०० वर आला की दोघांनाही दोन-दोनच लाख.

बघा, सगळ्यांनी शब्द पाळला तर सगळ्यांचा फायदा. पण बाकीचे पाळत असताना एकट्याने मोडला तर त्याचा जास्तच फायदा. आणि करारामुळे भाव जितका वर जाईल, तितका चोरून विकण्याचा मोहही वाढतो. म्हणजे करार जसा यशस्वी होतो, तसा तो आतून पोखरला जातो.

त्यात सगळ्यांची परिस्थिती सारखी नसते. एकाचे गोदाम रिकामे आणि कर्ज थोडे. तो सहा महिने थांबू शकतो. दुसऱ्याची साखर बँकेकडे तारण, व्याज रोज चढते आणि तोडणी-वाहतुकीची बिले दारात उभी. त्याला आज पैसा लागतो. तो भाव पाडतो तो हौसेने नव्हे.

शब्द पाळला तरी करार मोडला

आता आपल्याच धंद्यातली एक खरी हकिगत सांगतो. १९३० च्या सुमारास जगात साखर फार झाली आणि भाव कोसळले. तेव्हा थॉमस चॅडबोर्न या अमेरिकन वकिलाने पुढाकार घेतला. मे १९३१ मध्ये ब्रुसेल्स येथे क्यूबा, जावा, जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड, हंगेरी आणि बेल्जियम येथील साखर उत्पादकांनी पाच वर्षांचा करार केला. प्रत्येकाने निर्यातीचा कोटा घ्यायचा आणि उत्पादन कमी करायचे. पुढे पेरू आणि युगोस्लाव्हियाही त्यात आले.

नवल असे की, करार करणाऱ्यांनी बऱ्याच अंशी शब्द पाळला. दोन वर्षांत त्यांचे उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले. तरी भाव चढला नाही; १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कच्ची साखर पौंडाला एका सेंटच्याही खाली गेली. कारण एक तर मंदी, आणि दुसरे म्हणजे जे करारात नव्हते त्यांनी लागवड वाढवली. फिलिपाइन्स, पोर्तो रिको, फोर्मोसा ही बेटे करारात नव्हती. आपला देशही नव्हता.

तोवर हिंदुस्थान जावाची लाखो टन साखर विकत घेत असे. १९३२ मध्ये संरक्षणाचा कायदा झाला, बाहेरच्या साखरेवर जबर जकात बसली आणि देशातले कारखाने पाच वर्षांत सुमारे ३० वरून १३० च्या वर गेले. माळीनगरची सासवड माळी शुगर फॅक्टरी त्याच १९३२ सालची. जावाचे उत्पादन मात्र १९३० मधल्या सुमारे २९ लाख टनांवरून १९३५ मध्ये ५ लाख टनांच्या आसपास आले. करार १९३५ मध्ये संपला, तो कोणी पुढे चालवला नाही.

उत्पादन कमी केले एकाने, बाजार घेतला दुसऱ्याने. आयत्या बिळावर नागोबा! म्हणजे करार आतून मोडला नाही तरी बाहेरून मोडतो. बाहेरच्याला नवीन कारखाना काढता येत असेल, तर चढा भाव हेच त्याला आमंत्रण असते.

चोरी दिसली पाहिजे

मग काही करार टिकतात ते कशाने? लायसिन नावाचा पदार्थ कोंबड्यांच्या खाद्यात घालतात. मळी किंवा मक्याची साखर आंबवून तो तयार होतो. १९९२ मध्ये अमेरिका, जपान आणि कोरियातल्या कंपन्यांनी त्याचा भाव आपसात ठरवला. पहिला करार नुसता भावाचा होता. कोण चोरून सूट देतो हे कळेना, आणि १९९३ मध्ये भाव कोसळला. मग त्यांनी विक्रीचे कोटे ठरवले, दरमहा आकडे एकमेकांना कळवायचे ठरवले, आणि ज्याने जास्त विकले त्याने कमी विकणाऱ्याकडून माल घ्यायचा असा नियम केला. तेव्हा करार टिकला.

पण शेवट काय झाला? त्यांच्यातलाच एक अधिकारी बैठका गुप्तपणे टेप करून सरकारला देत होता. १९९५ मध्ये छापे पडले आणि १९९६ मध्ये एका अमेरिकन कंपनीला या आणि दुसऱ्या एका संगनमताबद्दल मिळून १० कोटी डॉलर दंड भरावा लागला.

आपल्याकडेही २००२ च्या स्पर्धा कायद्याने असे संगनमत बेकायदा आहे. जो पहिला जाऊन पुरावा देईल त्याचा दंड माफ होऊ शकतो, म्हणजे संशयाला कायद्यानेच खतपाणी घातले आहे. शिवाय चोरट्या कराराची दाद कोर्टात मागता येत नाही. सरकारने लावलेला दर वेगळा. जून २०१८ मध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोला २९ रुपये ठरला, फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ झाला. त्यामागे कायद्याचा आदेश होता, नुसता शब्द नव्हता.

आपल्या बांधावर

तेव्हा बैठकीतल्या प्रश्नाचे उत्तर असे: कारखान्यांनी आपसात भाव बांधावा, हा कायद्यानेही मार्ग नाही आणि व्यवहारानेही नाही.

पण बंधूंनो, वरचा दोन कारखान्यांचा हिशेब आपल्या बांधावरही उभा आहे. गुळाला भाव आला किंवा दुसऱ्याची टोळी रोख पैसे घेऊन आली, की नोंदीचा ऊस तिकडे जातो. त्या एका सभासदाला टनामागे चार पैसे जास्त मिळतात. पण गाळप घटले तरी कारखान्याचे पगार आणि व्याज तेवढेच राहते. ते कमी पोत्यांवर पडते आणि दर सगळ्यांचाच उतरतो. पुढच्या साली गूळ पडला की तोच सभासद तोडीसाठी गट ऑफिसात पहिला येऊन बसतो.

तरी आपली संस्था म्हणजे कार्टेल नव्हे. आपला व्यवहार उघडा आहे, त्याला कायद्याचा आधार आहे आणि नफा एकाच घरात येतो. आपला करार टिकण्यासारखा आहे, पण आपोआप टिकणार नाही. नोंदीचा आणि तोडीचा तक्ता गटात लागला पाहिजे, म्हणजे कोणाचा ऊस कुठे गेला ते सर्वांना दिसेल. नियम संचालकांना आणि लहान सभासदांना एकच हवा. आणि कारखान्यानेही आपला शब्द पाळला पाहिजे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत बिल द्यायचे असते. ते थकले, तर गुऱ्हाळाकडे जाणाऱ्या गाडीला दोष देण्याचा अधिकार आम्हालाही उरत नाही.

नुसत्या शपथेवर करार टिकत नाही. पाळणाऱ्याचे नुकसान होणार नाही आणि मोडणाऱ्याचे लपणार नाही, अशी व्यवस्था लागते. येत्या वार्षिक सभेत या दोन गोष्टींवर जरूर बोला.