साडी आणि सातबारा : ‘माहेरची साडी’मधील लेकीचा वारसा

पीडित वारस-कन्या हे भारतीय कौटुंबिक चित्रपटाचे एक परिचित आशयसूत्र आहे. ‘सीता और गीता’ (१९७२) आणि त्याचे तमिळ रूपांतर ‘वाणी राणी’ (१९७४) यांत संपत्तीची खरी मालकीण आपल्याच घरात मोलकरणीसारखी राबते. तेथे छळाचे मूळ उघड आहे : तिच्या वाट्याचा पैसा. विजय कोंडके दिग्दर्शित ‘माहेरची साडी’ (१९९१) या चित्रपटात हेच सूत्र वेगळे वळण घेते. ‘बाई चाली सासरिये’ (१९८८) या राजस्थानी चित्रपटावर तो आधारलेला आहे. वडिलांनी अपशकुनी मानलेली लक्ष्मी (अलका कुबल) सासरी सासूचा जाच सोसते. तिला आधार असतो तो भावाच्या मायेचा. कथेचा ताण मालमत्तेभोवती नसून ‘वडील आपल्याला लेक म्हणून कधी स्वीकारतील?’ या प्रश्नाभोवती आहे. हक्काची जागा आहेराने घेतली आहे.

या आहेराला वऱ्हाडात जुना सांस्कृतिक आधार आहे. अमरावती जिल्ह्यातील वर्धाकाठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. तेथील पालखी आषाढीला पंढरपूरला जाते, ती लेकीसाठी माहेरचा आहेर घेऊन. भीष्मकाची ही कन्या वर निवडताना भाऊ रुक्मीच्या इच्छेविरुद्ध उभी राहिली; तरी लोकमानसात तिचे माहेराशी असलेले नाते टिकले ते राज्याच्या वाट्यावर नव्हे, तर आहेरावर.

व्यवहारातही हीच वाटणी दिसते. महाराष्ट्राच्या अन्य भागांप्रमाणेच अमरावती-अकोल्याच्या कापूसपट्ट्यातही बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. सातबाऱ्यावर भावाचे नाव राहते आणि दिवाळीला साडी-चोळी मिळते. ही केवळ भोळी माया नव्हे. सासरी संकट ओढवले तर परतायला एक दार उघडे राहावे, यासाठी मोजलेली ती किंमत आहे. म्हणूनच चित्रपटगृहात रडणाऱ्या स्त्रियांना ‘भावविवश’ ठरवून समीक्षकाला मोकळे होता येणार नाही. जमिनीवर पाणी सोडूनही साडी न मिळणे म्हणजे काय, हे त्या जाणून होत्या.

चित्रपटानंतर तीनच वर्षांनी, १९९४ मध्ये, महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद केले. परंतु त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना त्यातून वगळले. लक्ष्मीसारख्या, आधीच सासरी गेलेल्या लेकी कायद्याच्याही दाराबाहेर राहिल्या. ती उणीव २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने दूर केली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले.

तात्पर्य, ‘माहेरची साडी’ हा वारशाविषयी मौन बाळगणारा चित्रपट असला, तरी ते मौन अर्थशून्य नाही. हक्क आणि माहेर यांपैकी एकच निवडण्याची सक्ती लेकीवर होते, ही गोष्ट त्या मौनातूनच व्यक्त होते. कायदा बदलला, ती सक्ती हक्कसोडपत्रावरील प्रत्येक सहीत अजून शिल्लक आहे.