व्यसन सोडविणाऱ्याची विचारपूस कोणी करावी?

(अभ्यासपाठ)

उमरगा हे सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे गाव. बाजार आटोपून सायंकाळी खेड्याकडे परतणाऱ्या मंडळीत एखाद्याच्या पिशवीत मुलांच्या खाऊऐवजी बाटली असते, हे दृश्य आपणांपैकी कोणास नवे नाही. हातभट्टी, देशी आणि शिंदी यांनी किती घरांच्या चुली विझविल्या हेही आपण जाणतो. यास्तव दारूचे दुष्परिणाम हा आजच्या पाठाचा विषय नाही. आज आपण दुसऱ्याच एका मनुष्याचा विचार करू. तो म्हणजे पिणाऱ्याजवळ बसून त्यास व्यसनातून बाहेर पडण्यास साह्य करणारा मनुष्य. त्यास हल्ली समुपदेशक म्हणतात.

समजा, तालुक्यातील एखाद्या खेड्यात असा एक तरुण सेवक आहे. वीस वर्षे रोज पिणारा एक शेतमजूर त्याच्याकडे येतो, आणि सेवक त्याच्याकडून शपथ घेववितो की आजपासून थेंबभरही नाही. दुसऱ्या दिवशी त्या मजुराचे हात कापू लागतात. तिसऱ्या रात्री त्यास भिंतीवर साप दिसू लागतात, आणि पहाटे झटके येतात. बायको रडत सेवकाच्या दारी येते. सेवक म्हणतो, "बाई, धीर धरा. विष बाहेर पडत आहे."

सेवकाचा हेतू चांगला होता यात संशय नाही. परंतु पुष्कळ वर्षे भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली असता असा कंप, भ्रम व झटके येऊ शकतात, त्यात प्राणही जाऊ शकतो, आणि अशा मनुष्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे लागते, हे त्यास कोणी सांगितले नव्हते. आणि त्यानेही कोणास विचारले नव्हते. येथे उणीव प्रेमाची नव्हती. त्याच्या कामावर दुसऱ्या जाणत्या मनुष्याची नजर नव्हती, हीच उणीव होती.

१. पर्यवेक्षण म्हणजे काय?

समुपदेशकाच्या कामावर अनुभवी मनुष्याने नियमितपणे ठेवावयाच्या या देखरेखीस पर्यवेक्षण असे नाव आहे. हा शब्द ऐकताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे ऊसतोडीवरचा मुकादम उभा राहतो. परंतु ती कल्पना अपुरी आहे. अल्फ्रेड कादुशिन या अमेरिकन अभ्यासकाने १९७६ साली सामाजिक कार्याच्या पर्यवेक्षणावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने या कामाची तीन अंगे सांगितली आहेत. पहिले प्रशासनाचे: काम नीट व नेमाने होते की नाही हे पाहणे. दुसरे शिक्षणाचे: जे येत नाही ते शिकविणे. तिसरे आधाराचे: काम करणाऱ्याचे मन खचू न देणे. तिन्ही अंगे मिळून पर्यवेक्षण पुरे होते. पहिलेच तेवढे धरले तर मुकादमी होते, आणि तिसरेच धरले तर नुसती मैत्री होते.

२. एकदा शिकले म्हणजे पुरे नव्हे

कोणी म्हणेल, "आमच्या सेवकाने शहरात जाऊन व्यसनमुक्तीचे शिबिर केले आहे, आता त्यास देखरेख कशाला?" या प्रश्नाची परीक्षा प्रत्यक्ष झालेली आहे. विल्यम मिलर व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत व्यसनाधीनांवर उपचार करणाऱ्या १४० परवानाधारक व्यावसायिकांचा अभ्यास करून तो २००४ साली प्रसिद्ध केला. मनुष्याशी वाद न घालता त्याच्याच मुखातून बदलाची इच्छा बाहेर येऊ द्यावी, अशी संभाषणाची पद्धत त्यांस शिकवावयाची होती. काहींस केवळ शिबिर मिळाले. काहींस शिबिरानंतर त्यांच्या संभाषणांवर अभिप्राय, काहींस वैयक्तिक मार्गदर्शन, आणि काहींस दोन्हीही मिळाली. काही महिन्यांनी पाहिले तेव्हा ज्यांस केवळ शिबिर मिळाले होते त्यांचे कौशल्य ओसरू लागलेले दिसले. अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालेल्यांचे अधिक टिकले.

यात नवल नाही. विहीर एकदा खणली तरी दरवर्षी तिचा गाळ काढावा लागतो. शिवाय आपण कसे बोलतो हे बोलणाऱ्यास स्वतःस नीट कळत नाही. "मी त्यास प्रेमाने समजाविले," असे सेवक सांगतो. पण प्रत्यक्षात त्याने अर्धा तास फैलावर घेतलेले असते. म्हणूनच अमेरिकन सरकारने २००९ साली या विषयावर काढलेल्या मार्गदर्शिकेत समुपदेशकाच्या सांगण्यावरच विसंबू नये, त्याचे काम प्रत्यक्ष पाहावे किंवा ऐकावे, यावर भर दिला आहे.

३. गोव्यातील उदाहरण

"हे परदेशातील पगारी तज्ज्ञांचे झाले, आपल्याकडे तज्ज्ञ कोठून आणावे?" अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर गोव्यात सापडते. तेथील संगाथ या संस्थेने दारूच्या आहारी गेलेल्या पुरुषांसाठी एक ते चार भेटींत पुरी होणारी समुपदेशनाची पद्धत तयार केली. समुपदेशन करणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते; या विषयाचे पूर्वशिक्षण नसलेली, त्याच समाजातील सामान्य माणसे होती. त्यांस या कामापुरते शिक्षण देण्यात आले होते. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत या पद्धतीची परीक्षा झाली आणि २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचा वृत्तान्त छापला गेला. तीन महिन्यांनंतर, ज्यांस समुपदेशन मिळाले त्यांपैकी शेकडा ४२ पुरुषांनी मागील चौदा दिवसांत दारूस स्पर्श केला नव्हता. ज्यांस ते मिळाले नाही त्यांत हे प्रमाण शेकडा १८ होते. मात्र जे पीत राहिले त्यांच्या पिण्याचे मान घटलेले आढळले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आपल्या पाठाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हे समुपदेशक दर आठवड्यास एकत्र बसत. एखाद्या भेटीचे ध्वनिमुद्रण सर्वजण मिळून ऐकत, ठरविलेल्या मापाप्रमाणे प्रत्येकजण त्यास गुण देई, आणि मग काय साधले व काय राहिले यावर बोलणे होई. तज्ज्ञांचे मार्गदर्शन होतेच. परंतु साप्ताहिक बैठक ते सहकारी स्वतः चालवीत. सहकाऱ्यांनी दिलेले गुण व तज्ज्ञांनी दिलेले गुण ताडून पाहिले असता त्यांचा बऱ्यापैकी मेळ बसतो, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. तात्पर्य, शिकविलेले सामान्य लोकही एकमेकांच्या कामाची पारख करू शकतात; मात्र त्यासाठी ठरलेला वार, ठरलेले माप आणि खरे बोलण्याची तयारी हवी.

४. जो स्वतः सुटला आहे त्याच्याविषयी

पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट व लेखक अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केले, त्यास पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचे साह्य लाभले. व्यसनातून बाहेर आलेली माणसेच तेथे पुढे कार्यकर्ते व समुपदेशक झाली, हे त्या केंद्राचे वैशिष्ट्य होय. अशा मनुष्याच्या शब्दास वजन असते. "तुला काय कळणार?" असे त्यास कोणी म्हणू शकत नाही.

परंतु त्याच्या वाटेत काही विशेष धोकेही असतात. पहिला हा की, "मी ज्या रीतीने सुटलो त्याच रीतीने तू सुटशील," असा आग्रह तो धरू लागतो. दुसरा असा की, दुसऱ्याची कहाणी रोज ऐकता ऐकता त्याची स्वतःची जुनी तहान जागी होते. तिसरा सर्वांत सूक्ष्म आहे: गाव त्यास आदर्श मानू लागते, आणि मग आपले मन डळमळले हे कोणास सांगण्याची त्यास लाज वाटते. अशा मनुष्यास दर आठवड्यास एकांतात कोणीतरी विचारले पाहिजे, "तुझे स्वतःचे कसे चालले आहे?" हा प्रश्न अविश्वासाचा नव्हे. जो दोर दुसऱ्यास विहिरीतून ओढून काढतो तो झिजला आहे की काय, हे पाहणे शहाणपणाचेच आहे.

५. खांद्यावरचा भार

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आपल्या उमरगा भागातील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. ढिगारे उपसणाऱ्या हातांनाही किती भार वाहावा लागतो, हे या भागास निराळे सांगावे लागत नाही. व्यसनमुक्तीच्या कामात ढिगारा दिसत नाही, पण भार असतोच. तीन महिने कोरडा राहिलेला मनुष्य पोळ्याच्या दिवशी पुन्हा पितो, त्याची बायको सेवकासच बोल लावते, आणि सेवक मनात म्हणतो, "माझ्यातच काही कमी आहे," किंवा रागाने म्हणतो, "हा सुधारणारच नाही." दोन्ही वाक्ये खोटी आहेत. पुन्हा पिणे ही या आजारात वारंवार घडणारी गोष्ट आहे. परंतु एकट्याने विचार करणाऱ्यास ती खरी वाटू लागतात, आणि एके दिवशी तो त्या घरी जाणे बंद करतो. सेवक असा खचला म्हणजे त्याच्या पाठोपाठ ते घरही एकटे पडते.

६. आपल्या गावी काय करता येईल?

शेजारच्या जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आरोग्यकार्य आरंभिले. फारसे शिक्षण नसलेल्या खेड्यांतील स्त्रिया तेथे आरोग्यसेविका झाल्या. एकदा शिकवून त्यांस सोडून दिले नाही. त्या नियमाने जामखेडास येत, अनुभव सांगत, अडचणी विचारीत आणि पुन्हा गावी जात. आपणही पुढील पाच गोष्टी करू शकतो.

(अ) जवळपासच्या तीन-चार गावांतील सेवकांनी आठवड्याचा एक दिवस ठरवून एकत्र बसावे.

(आ) प्रत्येकाने एकाच भेटीचा वृत्तान्त सांगावा: मी काय बोललो, तो काय म्हणाला, मी कोठे चुकलो. पिणाऱ्याचे नाव व ओळख सांगू नये. ती दुसऱ्याची ठेव आहे.

(इ) अधूनमधून, घरच्यांची संमती घेऊन, दुसऱ्या सेवकास बरोबर न्यावे व त्याने केवळ ऐकावे.

(ई) महिन्यातून एकदा तरी डॉक्टर किंवा अनुभवी समुपदेशक यांस अडलेल्या गोष्टी विचाराव्या. कंप, झटके, भ्रम अथवा जीव देण्याची भाषा दिसल्यास बैठकीची वाट पाहू नये. त्याच क्षणी दवाखाना गाठावा. मनाच्या त्रासासंबंधी सल्ल्यासाठी सरकारने २०२२ साली १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सेवा सुरू केली, तीही लक्षात असू द्यावी.

(उ) बैठक संपण्यापूर्वी प्रत्येकास विचारावे, "तुमचे मन कसे आहे?" आणि उत्तर ऐकण्याची घाई करू नये.

आरंभीच्या त्या सेवकास असा एखादा सोबती असता, तर शपथ घेवविण्यापूर्वी त्याने विचारले असते, "हा किती दिवसांपासून पितो? डॉक्टरास दाखविले काय?" एवढ्या दोन प्रश्नांनी तो मजूर झटके येण्यापूर्वीच डॉक्टरापुढे पोहोचला असता.

विचारार्थ प्रश्न

१. पर्यवेक्षणाची तीन अंगे कोणती? त्यांपैकी आपल्या येथे कोणते कमी पडते?
२. दारू एकाएकी सोडल्याने कोणती भयसूचक लक्षणे दिसू शकतात? ती दिसताच काय करावे?
३. गोव्यातील समुपदेशक एकमेकांचे काम कसे पारखीत?
४. स्वतः व्यसनातून सुटलेल्या सेवकापुढे कोणते तीन धोके असतात?
५. गेल्या महिन्यात आपल्या कामाविषयी आपणांस कोणी विचारले? आपण कोणास विचारले?