प्रोग्राम बसविताच सर्व्हिस आपोआप सुरू होते, ती कशी आवरावी?

आपल्या गंगाखेडच्या कापड दुकानांत बिलासाठी संगणक आला, त्याला बरीच वर्षे झाली. प्रोग्राम बसविणारा मुलगा येतो, अर्ध्या तासात "झालं चाचा" म्हणून निघून जातो. पण बसविताक्षणी आत काय काय चालू झाले, हे त्याला कोणी विचारीत नाही.

बिलाच्या प्रोग्रामबरोबर पुष्कळदा एक डेटाबेस येतो. तो पडद्यावर दिसत नाही. संगणक लावताच स्वतःहून सुरू होतो, मागे राहून काम करतो आणि सोय मोकळी ठेवली असेल तर बाहेरून जाळ्यावर आलेल्या हाकेलाही ओ देतो. अशा प्रोग्रामला सर्व्हिस म्हणतात. नव्या नोकराला आपण आधी गल्ला आणि उधारीची वही समजावतो, मगच त्याच्या हाती किल्ली देतो. येथे पासवर्ड ठरण्याआधीच शटर वर गेलेले असते, आणि आत गिऱ्हाइकांचा हिसाब, म्हणजे लोकांची अमानत असते.

२५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' नावाचा किडा मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसमधून जगभर पसरला. दहा मिनिटांत हजारो मशीन बाधित झाली, अमेरिकेत बँकेची एटीएम अडली. त्यावरचा इलाज कंपनीने जुलै २००२ मध्येच दिला होता. पण त्या डेटाबेसची छोटी आवृत्ती दुसऱ्या प्रोग्रामांसोबत आलेली असे, आणि ती आपल्या मशीनवर आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हते. मग इलाज लावणार कोण?

माझ्याकडे तेवढे संकट आले नाही, अल्लाहचा शुक्र. मात्र एक जुना प्रोग्राम काढून टाकल्यावरही त्याचा डेटाबेस चालूच राहिला होता. मशीन मंद झाली म्हणून मी रॅमवर खर्च करून बसलो.

विंडोजमध्ये विंडोज व आर ही बटणे एकत्र दाबावीत आणि सर्व्हिसेस.एमएससी असे (इंग्रजी अक्षरांत) टंकावे. यादी उघडते. 'स्टार्टअप टाइप' ऑटोमॅटिक असेल तर सर्व्हिस मशीनबरोबर उठते, मॅन्युअल असेल तर कोणी मागितल्यावरच, आणि डिसेबल्ड असेल तर उठतच नाही. नुसता प्रकार बदलून चालू सर्व्हिस थांबत नाही, 'स्टॉप'ही दाबावे लागते. ओळख पटल्याशिवाय कशालाही हात लावू नये, नाहीतर ऐन ईदच्या गर्दीत बिल निघणार नाही.

लिनक्समध्ये घराणी वेगवेगळी आहेत. रेड हॅटच्या घराण्यात बहुतेक सर्व्हिसेस सांगितल्याशिवाय सुरू होत नाहीत. मला हाच रिवाज पसंत आहे. डेबियन आणि उबंटूत मात्र पॅकेज बसताच सर्व्हिस सुरू होते. ती रोखण्यासाठी यूएसआर फोल्डरातील एसबिनमध्ये पॉलिसी-आरसी.डी नावाची शेल फाईल करून तिच्यातून एक्झिट १०१ असे उत्तर द्यावे व फाईलला चालण्याची परवानगी द्यावी. १०१ म्हणजे मनाई. पण ही मनाई बसवितानाची आहे. मशीन पुन्हा लावली की सर्व्हिस उठू शकते. म्हणून एकाच सर्व्हिसला आवरायचे असेल तर पॅकेज बसविण्याआधी तिला सिस्टमसीटीएलने 'मास्क' करावे, पासवर्ड वगैरे ठरवून 'अनमास्क' करावे आणि मग सुरू करावे.

काम होताच ती मनाईची फाईल आठवणीने काढावी. ती राहिली तर पुढे सुरक्षेची दुरुस्ती आली तरी सर्व्हिस नव्याने सुरू होत नाही, आणि मशीन बंद करून लावीपर्यंत जुनीच, भोक असलेली सर्व्हिस चालत राहते.