जाळ्यासह उडालेली पाखरे

आधार : स्तोत्र १२४, १ करिंथ १२:१२–२७. मुखपाठ : स्तोत्र १२४:७.

शाळूच्या कणसांत दाणा भरू लागला म्हणजे बार्शी तालुक्यातील शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरे हाकलतो. ज्या पाखरांस आपण शेतातून घालवितो, त्यांच्याचपासून ह्या पाठात काही शिकावयाचे आहे.

१९७४ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने मुलांकरिता 'एक अनेक और एकता' नावाचा लहानसा हिंदी बोलपट काढला. त्यात नटनटी नाहीत. काढलेली चित्रेच चालतात, बोलतात व गातात. विजया मुळे ह्यांनी तो दिग्दर्शित केला, भीमसैन ह्यांनी चित्रांस चालते केले, व संगीत वसंत देसाई ह्यांनी दिले. दूरदर्शनवर तो वारंवार दाखविला गेल्यामुळे आज आईबाप झालेल्या पुष्कळांनी तो बाळपणी पाहिला आहे. त्यात ताई लहान मुलाला एक व अनेक ह्यांचा अर्थ सांगते. पाखरे दाणे टिपावयास येतात व शिकाऱ्याच्या जाळ्यात सापडतात. ती सर्व मिळून जाळ्यासकट उडतात, आणि दूर एका गावाजवळ राहणारे त्यांचे मित्र उंदीर जाळे कुरतडून त्यांस मोकळे करितात.

कथा जुनीच आहे. पंचतंत्रात व हितोपदेशात कबुतरांचा राजा चित्रग्रीव व उंदीर हिरण्यक ह्यांची हीच गोष्ट आहे. सत्य कोठेही आढळो, ते देवाचेच होय. म्हणून पवित्र शास्त्राच्या उजेडात तिचा विचार करू.

पहिली गोष्ट ही की, जाळ्यात असता दोष काढीत बसू नये. हितोपदेशात कबुतरे सापडताच, ज्याच्या सांगण्यावरून ती खाली उतरली त्याला बोल लावू लागतात. राजा त्यांस आवरतो. आपल्या मंडळ्यांत काय होते? विहिरीच्या पाण्यावरून किंवा मोडलेल्या सोयरिकीवरून दोन घरांत बोलणे तुटते. मग उपासनेत एक घर ह्या भिंतीशी, दुसरे त्या भिंतीशी बसते, आणि आरंभ कोणी केला एवढाच वाद वर्षानुवर्षे चालतो. जाळे मात्र दोघांवरही सारखेच पडलेले असते.

दुसरी गोष्ट, एकजूट झाली म्हणजे सर्व झाले असे नाही; एकजुटीला दिशा पाहिजे. प्रत्येक पाखराने आपापल्या झाडाकडे ओढ घेतली असती, तर जाळे जागचे हलते ना. बाबेलचा बुरूज बांधणारेही एकमताचे होते (उत्पत्ती ११), परंतु ते स्वतःचे नाव करावयास निघाले होते. गावात तट पाडणारेही आपसांत एकजुटीचेच असतात. मंडळीचे ऐक्य ख्रिस्ताकडे जाणारे असावे. त्यासाठीच त्याने पित्याजवळ प्रार्थना केली (योहान १७:२१).

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. ऐक्याने जाळे उचलले गेले, तुटले नाही. आकाशात उडतानाही पाखरे बद्धच होती. मोकळी होण्यासाठी त्यांस बिळात राहणाऱ्या उंदरापुढे यावे लागले. पौलही सांगतो की, जे अवयव दुर्बळ दिसतात त्यांचीच गरज असते. समेट करावयास पुढाऱ्यापेक्षा एखादी निरक्षर म्हातारी अधिक उपयोगी पडते. तिला बोलाविण्यात कमीपणा मानू नये. आणि पापाचे जाळे तर कोणीही मनुष्य कापू शकत नाही. मुखपाठातील स्तोत्रकर्ता सुटकेचे श्रेय पंखांस देत नाही, परमेश्वरास देतो.

शेवटी, हिरण्यक चित्रग्रीवाचे पाश तोडू लागला तेव्हा राजा म्हणाला की, आधी माझ्या आश्रितांस सोडव. बोलपटात हा भाग नाही, पण मुलांस तो अवश्य सांगावा. प्रभू येशूस धरावयास लोक बागेत आले तेव्हा, मी हवा असेन तर ह्यांस जाऊ द्या, अशा अर्थाचे तो बोलला (योहान १८:८). चित्रग्रीव नकळत सापडला होता. आपला प्रभू जाणूनबुजून आला, आणि आपण सुटावे म्हणून स्वतः बांधला गेला. ज्याची अशी सुटका झाली, त्याने शेजाऱ्याच्या पायातील दोरी आवळून धरावी काय?

म्हणून बंधुभगिनींनो, येत्या प्रभुभोजनापूर्वी मत्तय ५:२३–२४ वाचा. ज्या घराशी बोलणे तुटले आहे, त्या घरी आपण आधी जा. त्यांनी यावे म्हणून थांबू नका.

उपदेशकांनी विचारावयाचे प्रश्न : (१) पाखरांनी कोणता वाद टाळला पाहिजे होता? (२) बाबेलच्या लोकांचे ऐक्य व मंडळीचे ऐक्य ह्यांत भेद कोणता? (३) जाळे कोणी उचलले व कोणी कापले? (४) आपल्या वाडीत आज कोणाचा पाश आधी सुटला पाहिजे?