पाहुण्याचे ताट



ठाणे, मुंबई, रायगड येथील बेने इस्राएल समाजाचे ज्यू मराठीच बोलतात. असा एखादा वर्गमित्र आपल्या मुलाबरोबर घरी जेवायला आला, तर काय वाढावे?

लेवीयच्या ११ व्या अध्यायाप्रमाणे डुकराचे मांस त्यांना वर्ज्य आहे. पर आणि खवले असलेलेच मासे चालतात. म्हणजे कोळंबी, खेकडे नाहीत. मांसाबरोबर दूधदुभते चालत नाही. म्हणूनच त्यांच्या रश्श्यात नारळाचे दूध असते. प्राणीही त्यांच्या विधीनुसार कापलेला लागतो. मात्र पाळण्याची रीत प्रत्येक घरी सारखी नसते. काहींना आपली भांडीही चालत नाहीत. म्हणून त्या मुलाच्या आईला आधी विचारावे. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ त्यांचा शब्बाथ असतो. तेव्हा बोलावणे टाळावे.

कोणी म्हणेल, "आपल्याला तर सर्व अन्न मोकळे आहे." खरे आहे. पण आपल्या खाण्यामुळे भावाला दुःख होत असेल, तर आपण प्रीतीने वागत नाही, असे संत पौल रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात सांगतो. "एका घासाने काय होते?" हा आग्रह प्रेमाचा वाटतो, पण तो लेकराला आईवडिलांपासून लपवायला शिकवतो.

नाझरेथला मरियामातेची चूलही हेच नियम पाळत होती. तो मुलगा आपल्याकडे निर्धास्तपणे जेवला, तर आपल्या मुलांना शेजारप्रीतीचा धडा घरातच मिळेल.

– आपला प्रमुख धर्मगुरू