डेंटल हायजिनिस्ट व्हायचंय? आधी हिशेब मांडा

बारावी सायन्सचा निकाल लागला, बीडीएसची फी झेपणारी नाही, पण दातांच्या दवाखान्यातलं काम आवडतं, अशा मुलामुलींसाठी डेंटल हायजिनिस्टचा दोन वर्षांचा डिप्लोमा ही चांगली वाट आहे. अंधेरी-बोरिवलीत आणि मुलुंड-घाटकोपरमध्ये दंतचिकित्सकांच्या पाट्या गल्लोगल्ली दिसतात, म्हणून कामाला तोटा नाही असं वाटतं. तरी पैसे भरण्याआधी काही गोष्टी नीट समजून घ्या.

दात साफ करणं म्हणजे स्केलिंग, पॉलिशिंग आणि रुग्णाला मुखस्वच्छता शिकवणं, हे हायजिनिस्टचं काम 1948च्या दंतवैद्यक कायद्याने ठरवून दिलं आहे. दंतवैद्याप्रमाणे त्याचीही राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी होते. ही नोंदणी मिळणार नसेल तर प्रमाणपत्र कितीही देखणं असो, त्याचा उपयोग नाही. तीन किंवा सहा महिन्यांचा ‘डेंटल असिस्टंट’ कोर्स वेगळा. तो शिकलेली व्यक्ती डॉक्टरांच्या हाताखाली साहित्य देते, उपकरणं निर्जंतुक करते; ती हायजिनिस्ट होत नाही. या दोहोंतला फरक न सांगता फी घेतली जाते, तिथेच पालकांचं सर्वांत मोठं नुकसान होतं. म्हणून पहिला प्रश्न फीचा विचारू नका. ‘या डिप्लोम्यावर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत नोंदणी होते का?’ हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. परिषदेकडेही स्वतः खात्री करा.

चौकशी सरकारी आणि पालिकेच्या संस्थांपासून सुरू करा: सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय. यंदा हा कोर्स आहे का, जागा किती, अर्ज कधी, हे तिथेच कळेल. मुलुंड-घाटकोपरहून सीएसएमटीला थेट लोकल आहे, अंधेरीहून हार्बरने जाता येतं, बोरिवलीकरांना मुंबई सेंट्रल सोयीचं. कॉलेजचं पत्र घेऊन विद्यार्थी सवलतीचा पास काढा.

फीपलीकडचे खर्च बहुतेक जण विसरतात. परत मिळणारी अनामत, परीक्षा शुल्क, एप्रन, हातमोजे, मास्क, गॉगल, मिरर-प्रोब-स्केलरचा संच, पुस्तकं आणि शेवटी नोंदणी शुल्क. हिपॅटायटिस ‘बी’ची लसही घ्यायलाच हवी, कारण या कामात रक्त आणि लाळेशी रोज संबंध येतो. तिचे तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. प्रॅक्टिकल सुरू होण्याची वाट न पाहता लगेच सुरुवात करा.

खासगी संस्थेत जायचं असेल तर एक गणित मांडून पाहा. समजा, दोन वर्षांचा सगळा खर्च दोन लाख आणि सुरुवातीचा पगार महिना पंधरा हजार. म्हणजे तेरा महिन्यांहून अधिक काळ पूर्ण पगार बाजूला टाकला तर पैसे वसूल. प्रवास आणि जेवणाचा खर्च धरला तर हा काळ आणखी लांबतो. पगाराचा खरा आकडा मात्र संस्थेच्या माहितीपत्रकातून घेऊ नका. घराजवळच्या चार-पाच क्लिनिकमध्ये जाऊन विचारा: हायजिनिस्ट ठेवता का आणि काय देता? बऱ्याच लहान क्लिनिकमध्ये स्केलिंग डॉक्टर स्वतः करतात किंवा नवा बीडीएस करतो, त्यामुळे नोकरी मोठी क्लिनिकं, रुग्णालयं आणि दंत महाविद्यालयांत शोधावी लागते. आणि हे मनात पक्कं ठेवा: हा डिप्लोमा स्वतःचा दवाखाना काढण्यासाठी नाही, काम दंतवैद्याच्या देखरेखीखालीच करायचं असतं.

परदेशाचं आमिष दाखवणाऱ्यांपासूनही सावध राहा. अमेरिकेत या कामाला उत्तम पगार आहे, पण त्यासाठी साधारणपणे तिथला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, राष्ट्रीय बोर्डाची परीक्षा आणि राज्याचा परवाना लागतो. इथल्या डिप्लोम्यावर थेट परवाना मिळत नाही.

कर्ज काढण्याची वेळ आली तर बँकेकडूनही कोर्सची मान्यता तपासून घ्या, आणि महाडीबीटीवर त्या कोर्सला शिष्यवृत्ती आहे का ते पाहा. परिषदेची खात्री हाती येईपर्यंत कुठल्याही संस्थेला एक रुपयाही आगाऊ देऊ नका.